ऑपरेशनची तारीख घेण्याआधी: तोंडाच्या कॅन्सरची केस ट्यूमर बोर्डापुढे नेण्याचा क्रम

तोंडाच्या कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की घरात एकच घाई सुरू होते, ऑपरेशनच्या तारखेची. तारीख मिळते, ऑपरेशन नीट पार पडतं, पेशंट घरी येतो. पंधरा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो आणि कळतं की शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावं लागणार आहे. रेडिएशनचे डॉक्टर आधी दात दाखवून यायला सांगतात. दंतवैद्य चार दाढा काढतात, जखम भरायला तीन आठवडे जातात. तोवर ऑपरेशनला दोन महिने उलटलेले असतात, आणि रेडिएशन सुरू व्हायला हवं होतं सहा आठवड्यांच्या आत. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलेलं असतं, पण ते एकामागून एक केलेलं असतं. एकत्र बसून कुणीच ठरवलेलं नसतं.

हे एकत्र बसणं म्हणजे ट्यूमर बोर्ड. टाटा मेमोरियलमध्ये 'जॉइंट क्लिनिक' हा शब्द कानावर पडेल, तेही हेच. कॅन्सर सर्जन, रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट (केमोचे डॉक्टर), पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एका वेळी एकच केस पाहतात आणि पूर्ण उपचारांचा क्रम ठरवतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये प्लास्टिक सर्जन, दंतवैद्य, आहारतज्ज्ञ, गिळण्या-बोलण्याचे थेरपिस्ट आणि गरजेप्रमाणे पॅलिएटिव्ह केअरचे (दुखणं आणि त्रास कमी करणारे) डॉक्टरही हवेत. पण बोर्ड ठरवणार ते समोर आलेल्या कागदांवरून. अर्धवट फाइल गेली तर उत्तर येतं, 'तपासण्या पूर्ण करून पुन्हा या', आणि एक आठवडा हातचा जातो. म्हणून या लेखाचा मोठा भाग तयारीवर आहे.

टप्पा १: बायोप्सी

तोंडातली जखम, पांढरा-लाल चट्टा किंवा गाठ तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर तुकडा तपासायलाच हवा. मलम आणि अँटिबायोटिकचे कोर्स एकावर एक चढवत महिने घालवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

तुकडा घेण्याची पद्धत:

१. जखमेच्या कडेचा तुकडा घ्यावा. मधोमध बहुधा मेलेली पेशीच असते, आणि मग 'निदान करता येत नाही' असा रिपोर्ट येतो.

२. फक्त तुकडा घ्यावा. लहान आहे म्हणून संपूर्ण गाठ काढून टाकली की ती मुळात किती मोठी होती, किती खोल होती, हे पुढच्या सर्जनला कळत नाही. किती मार्जिन (रोगाभोवतीची निरोगी कड) घेऊन पुन्हा कापायचं याचा अंदाज मग त्याला अंधारात बांधावा लागतो.

३. तुकडा लगेच १० टक्के फॉर्मलिनमध्ये घालावा. फॉर्मलिन तुकड्याच्या निदान दहापट असावं. सलाइन, पाणी किंवा स्पिरिट चालत नाही. सलाइनमध्ये रात्रभर राहिलेला तुकडा सडतो आणि बायोप्सी पुन्हा करावी लागते.

४. तुकडा घेण्यापूर्वी जखमेचा फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी धरून. मोबाइलचा फोटोसुद्धा बोर्डात उपयोगी पडतो.

सावधान: जखमेच्या आत दात हलत असेल तर तो काढून घेऊ नका. दात काढल्यावर उरलेल्या खड्ड्यातून रोगाला जबड्याच्या हाडात शिरायला वाट मिळते. 'दात काढला, पण खड्डा भरतच नाही' अशी तक्रार घेऊन आलेल्या पेशंटच्या बाबतीत अनेकदा हेच घडलेलं असतं.

रिपोर्टबरोबर लॅबकडून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड (त्याचे काचेवरचे पातळ काप) मागून घ्या. दुसऱ्या हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट स्वतः स्लाइड पाहिल्याशिवाय मत देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. ब्लॉक मेणाचा असतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा एसटीच्या खिडकीशी ठेवू नका. डबीवर नाव, लॅबचा नंबर आणि तारीख आहे का, ते तिथेच उभं राहून वाचा.

टप्पा २: स्कॅन

चुकीचा स्कॅन झाला की पैसे आणि दिवस दोन्ही जातात, म्हणून काय मागायचं ते आधी समजून घ्या.

गाल आणि हिरडीच्या रोगासाठी बहुधा कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी) करतात, कारण जबड्याचं हाड त्यात चांगलं दिसतं. गालाच्या रोगात पेशंटला गाल फुगवायला सांगून सीटी घेतला तर गाल आणि हिरडी वेगळ्या दिसतात. हे टेक्निशियनला आधीच सांगावं. जिभेच्या रोगासाठी एमआरआय चांगला, कारण रोग किती खोल गेला ते त्यात कळतं. दोन्ही बाबतींत स्कॅन कवटीच्या तळापासून कॉलरबोनपर्यंत हवा. नुसत्या 'चेहऱ्याच्या सीटी'त मानेच्या खालच्या भागातल्या गाठी (लिम्फ नोड) येत नाहीत आणि तोच स्कॅन पुन्हा करावा लागतो. मानेत गाठी लागत असतील किंवा रोग मोठा असेल तर छातीचा सीटीही सोबतच उरकून घ्या.

कॉन्ट्रास्ट देण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आधीच सांगा.

पीईटी स्कॅन (रोग अंगात कुठे पसरला ते शोधणारा) प्रत्येकाला लागत नाही. जिभेवरच्या छोट्या जखमेसाठी कर्ज काढून पीईटी करण्याची गरज सहसा नसते. रोग पुढे गेलेला असेल किंवा दूर पसरल्याची शंका असेल तर बोर्ड स्वतः तो सांगतो. पीईटीआधी साधारण ६ तास उपाशी राहायचं आणि साखर २०० च्या खाली असायला हवी. साखर जास्त निघाली तर सेंटर परत पाठवतं, म्हणून मधुमेह्यांनी आदल्या आठवड्यातच साखर आटोक्यात आणावी.

इथे थांबून पाहा: स्कॅनची फिल्म आणि छापील रिपोर्ट एवढ्यावर भागत नाही. डायकॉम स्वरूपातली (कॉम्प्युटरवर स्कॅनचे सगळे काप दाखवणारी) सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा आणि घरी एकदा उघडून पाहा. बोर्डात रेडिओलॉजिस्टला स्कॅनचा प्रत्येक काप खालीवर करून पाहावा लागतो. गालाच्या मागच्या भागात, खालच्या जबड्याच्या वरच्या खाचेच्या (नॉचच्या) वर रोग गेला आहे की खालीच आहे, एवढ्या एका गोष्टीवरून 'आधी ऑपरेशन' की 'आधी केमो' हे बदलू शकतं. फिल्मवरून ते सांगणं कठीण असतं.

टप्पा ३: पेशंटची तयारी

स्कॅनच्या तारखेची वाट पाहताना हे सगळं होऊ शकतं, पण बहुतेक घरांत ते दिवस वाया जातात.

दात. बोर्डाच्या आधीच दंतवैद्याकडून पूर्ण तपासणी आणि पूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) करून घ्या. जे दात रोगापासून दूर आहेत पण किडलेले किंवा मुळातून सैल आहेत, ते काढायचे असतील तर रेडिएशनच्या निदान दोन ते तीन आठवडे आधी काढावे लागतात. अनेकदा ते ऑपरेशनच्याच वेळी, त्याच भुलीत काढता येतात, आणि तो उत्तम मार्ग. रेडिएशननंतर जबड्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तेव्हा दात काढला तर जखम भरत नाही आणि हाड कुजू शकतं. हा धोका पुढे कायम राहतो.

तोंड उघडणे. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. गुटखा-सुपारीमुळे ज्यांचं तोंड आखडलं आहे त्यांच्यात भूलतज्ज्ञाला नाकातून दुर्बिणीने नळी घालण्याची तयारी ठेवावी लागते. हे ऑपरेशनच्या सकाळी कळलं तर केस रद्द होते.

वजन. आजचं वजन आणि सहा महिन्यांपूर्वीचं वजन लिहा. वजन एक दशांशाहून जास्त उतरलं असेल तर आहारतज्ज्ञ आणि नाकातून घालायची नळी यांचा विचार उपचार सुरू होण्याआधीच व्हायला हवा. नळी लावली म्हणजे शेवट आला, असा समज घरोघरी आहे. खरं तर नळीमुळे पेशंटच्या पोटात अन्न जातं आणि त्याला पूर्ण उपचार झेपतात.

रक्त आणि इतर. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, एचआयव्ही आणि कावीळ बी-सी, तीन महिन्यांची साखर, थायरॉइडची टीएसएच. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध लागण्याची शक्यता असेल तर ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), कारण ते ऐकण्यावर आणि मूत्रपिंडावर परिणाम करतं.

पाय. जबड्याचं हाड काढावं लागलं तर पोटरीतलं फिब्युला हे हाड तिथे बसवतात. पायाला जुना अपघात, व्हेरिकोज व्हेन्स किंवा बंद रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर प्लास्टिक सर्जनला आधी सांगा.

तंबाखू आजपासून बंद. मशेरी हीसुद्धा तंबाखूच आहे. बायका ती मोजत नाहीत आणि डॉक्टरही विचारायचं विसरतात. काढे, भस्मं, कुठलाही पाला चालू असेल तर तेही सांगा. इथे लाजण्याचं काही कारण नाही. त्यातल्या काही गोष्टींमुळे रक्त पातळ होतं, काहींचा मूत्रपिंडावर भार पडतो.

टप्पा ४: एका पानाचा सारांश

जाड फाइलच्या वर एक पान लावा. नमुना असा:

वय ४६, पुरुष, शेती. डाव्या गालाच्या आत जखम, ४ महिने. तंबाखू-चुना २० वर्षे, ३ आठवड्यांपासून बंद. तोंड उघडणे २२ मिमी. वजन ४ महिन्यांत ६१ वरून ५४ किलो. मधुमेह ६ वर्षे, मेटफॉर्मिन चालू. स्वतःची कामं स्वतः करतो, शेतात जाणं बंद. बायोप्सी: तारीख, लॅब, स्लाइड नंबर, निदान. सीटी: तारीख, सेंटर, सीडी सोबत. दात: तपासणी झाली, दोन दाढा काढायच्या. आजवर झालेले उपचार: काही नाही. सोबत राहणारं माणूस: पत्नी आणि भाऊ. हॉस्पिटलपासून अंतर: ११० किमी.

'स्वतःची कामं स्वतः करतो' ही ओळ साधी वाटते, पण डॉक्टर त्यावरूनच ० ते ४ असा क्षमतेचा अंक ठरवतात आणि केमो झेपेल का ते पाहतात. खोटं चांगलं लिहू नका. दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात जात असेल तर तसंच लिहा.

फाइल तारखेप्रमाणे लावा, जुनं खाली, नवं वर. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. ब्लॉक देताना पोच घ्या.

टप्पा ५: बोर्ड मागणे

ज्या डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत त्यांना सरळ विचारा: "डॉक्टर, ही केस ट्यूमर बोर्डात ठेवता येईल का, आणि कोणत्या दिवशी?" यात अविश्वास नाही, आणि चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. बोर्ड बहुधा आठवड्यातले ठरावीक दिवस बसतो. एक दिवस आधी कागद गेले नाहीत तर केस पुढच्या आठवड्यावर जाते.

हॉस्पिटल लहान असेल आणि बोर्ड नसेल तर कागद मोठ्या केंद्राकडे पाठवता येतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली कॅन्सर केंद्रं जोडलेली आहेत. बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही कॅन्सरची रुग्णालयं आहेत. मत मुंबईहून घ्यावं आणि उपचार घराजवळ घ्यावेत, हा पर्याय अनेकांना सुचतच नाही. सहा आठवडे रोज रेडिएशनला जायचं असतं तेव्हा तोच पर्याय सर्वांत व्यवहार्य असतो.

सावधान: दुसरं मत घ्या, तिसरंही घ्या, पण सगळं दोन आठवड्यांत आटोपा. पाच डॉक्टरांना पाच वेगवेगळे अर्धवट कागद दाखवले तर पाच उत्तरं येणारच. सगळ्यांपुढे एकच फाइल ठेवा.

टप्पा ६: निर्णय लेखी घ्या

बैठकीत केसला काही मिनिटंच मिळतात. पेशंटला कधी बोलावतात, कधी नाही. निघताना हातात नोंद हवी, आणि तिच्यात या प्रश्नांची उत्तरं हवीत:

१. रोगाचा टप्पा कोणता, टी-एन-एममध्ये (टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लिम्फ नोड, एम म्हणजे दूर पसरलेला रोग)?

२. हेतू कोणता, रोग समूळ काढण्याचा की त्रास कमी करण्याचा? हा प्रश्न अवघड वाटतो म्हणून विचारला जात नाही, आणि मग घर विकून निव्वळ त्रास कमी करणारे उपचार घेतले जातात.

३. आधी काय, नंतर काय, मध्ये किती दिवस?

४. मानेचं ऑपरेशन सोबत होणार का? गाठी हाताला लागत नसल्या तरी हे विचारायचं. टाटा मेमोरियलच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठी दिसल्यावर मग काढलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. नुसती जखम काढून घरी पाठवणार असतील तर कारण विचारा.

५. काढलेल्या जागी काय बसवणार, आणि जेवण-बोलणं कसं होईल?

६. पुढचा माणूस कोण? एका डॉक्टरांचं नाव आणि एक फोन नंबर.

पेशंटला 'कॅन्सर' हा शब्द सांगू नका, अशी विनंती नातेवाईक करतात. त्यामागचं प्रेम समजतं. पण ज्याचा जबडा निघणार आहे त्याने संमती समजून द्यायला हवी, आणि पुढचे सहा आठवडे रेडिएशनसाठी रोज गच्च मास्क बांधून (डोकं हलू नये म्हणून) त्यालाच टेबलावर झोपायचं आहे. सांगायचं कसं ते डॉक्टरांबरोबर ठरवा. बोर्डाआधी सांगा.

टप्पा ७: पैसे आणि राहण्याची सोय

निर्णयाच्याच दिवशी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला) गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पूर्वमंजुरी उपचाराआधी लागते. आधी रोख भरून नंतर योजनेत बसवू, हे जमत नाही. ऑपरेशन, रेडिएशन आणि केमो यांची मंजुरी वेगवेगळी घ्यावी लागते, म्हणून तिन्ही लागणार असतील तर तिन्ही त्याच हॉस्पिटलमध्ये योजनेत आहेत का ते आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव सारखं नसेल तर दुरुस्ती आजच सुरू करा. मुंबईत राहायचं असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाकडून चिठ्ठी घेऊन धर्मशाळेसाठी नाव लावा. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक पेशंटांचा आधार आहे. जागा लगेच मिळेल असं धरून चालू नका.

टप्पा ८: ऑपरेशननंतरचे ४२ दिवस

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑपरेशनचा दिवस शून्य धरा आणि खुणा करा.

दिवस ७ ते १४: पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट. तो घ्यायला स्वतः जा, 'येईल' म्हणून थांबू नका. त्यात या गोष्टी आहेत का पाहा: मूळ गाठीचा आकार आणि खोली मिलिमीटरमध्ये, प्रत्येक बाजूचं मार्जिन मिलिमीटरमध्ये (५ मिमी किंवा जास्त असेल तर मोकळं मानतात), नसांभोवती रोग आहे का, मानेतल्या एकूण किती गाठी तपासल्या आणि किती लागण झालेल्या, मानेतल्या गाठीचं कवच फोडून रोग बाहेर आला आहे का. नुसतं 'मार्जिन मोकळं' असं लिहिलं असेल तर आकडे मागा.

दिवस १४ ते १८: केस पुन्हा बोर्डात. मार्जिनमध्ये रोग असेल किंवा कवच फुटलेलं असेल तर रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन देण्याचा विचार होतो, दर तीन आठवड्यांनी १०० मिग्रॅ प्रति चौरस मीटर किंवा दर आठवड्याला ४०. कान आणि क्रिएटिनिनच्या तपासण्या आधीच झाल्या असतील तर इथे एक दिवसही जात नाही.

दिवस २१ ते २८: रेडिएशनचा मास्क आणि प्लॅनिंग सीटी. प्लॅन तयार व्हायला त्यानंतर साधारण आठवडा लागतो. मास्क झाल्यावर वजन खूप उतरलं तर तो सैल होतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून नळीतून असो वा तोंडाने, जेवण मोजून द्या.

दिवस ४२: या दिवसापर्यंत पहिला शेक झालेला असावा. पुढे आठवड्याचे पाच दिवस, ३० ते ३३ वेळा, म्हणजे सहा ते साडेसहा आठवडे. तोंड सोलवटल्यावर 'चार दिवस आराम करू' असं ठरवून खंड पाडू नका. मधल्या सुट्ट्यांचा फायदा रोगाला मिळतो. सोसवत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, दुखण्याचं औषध वाढवता येतं.

जखम उघडली, फ्लॅपला (काढलेल्या जागी बसवलेल्या कातडी-मांसाला) त्रास झाला किंवा ताप आला आणि ४२वा दिवस चुकणार असं दिसलं, तर सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर यांचं त्याच आठवड्यात एकमेकांशी बोलणं घडवून आणा. निरोप्याचं काम नातेवाइकांनाच करावं लागतं. चिठ्ठीवर प्रश्न लिहून घ्या आणि उत्तरही चिठ्ठीवरच मागा.

केस परत बोर्डात कधी न्यायची

आधी केमो दिली असेल तर दोन-तीन सायकलनंतर नवा स्कॅन करून. मानेत किंवा तोंडात नवी गाठ लागली तर. बायोप्सीचं निदान दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने बदललं तर. आणि ऑपरेशनशिवाय फक्त केमो-रेडिएशन दिलं असेल तर शेवटच्या शेकानंतर साधारण १२ आठवड्यांनी पीईटी करून. घाबरून सहाव्या आठवड्यातच पीईटी केला तर रेडिएशनची सूजही रोगासारखी चमकते आणि नको ती बायोप्सी मागे लागते. टीएसएच तेव्हापासून दर सहा ते बारा महिन्यांनी तपासायची, कारण मानेवर शेक घेतलेल्या पुष्कळ जणांची थायरॉइड पुढे मंदावते, आणि येणारा थकवा घरचे लोक रोगाचाच समजून बसतात.